रंगाखालचं मीठ

आजवर मी मोजलेला सर्वांत उत्तम रंग मी मुळात मोजलाच नव्हता.

नोकरीला लागून चार महिने झाले होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एक लहानशी प्रयोगशाळा. पुलांना, टाक्यांना, बोटींना लावायचे रंग आमच्याकडे तपासणीला येत. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून आलेली, आणि पोटेन्शिओस्टॅट नावाचं यंत्र पहिल्यांदाच एकटीच्या हाती मिळालेलं. पोलादी पॅनलवरच्या एका इपॉक्सी रंगाचा विद्युत अवरोध मोजला, तर पडद्यावर शंभर अब्ज ओहमच्याही वरचा आकडा आला. आमच्या वहीत तोवर एवढा मोठा आकडा कुणी लिहिला नव्हता. मी धावतच सरांकडे गेले. सर आले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. वाकून पॅनलच्या पाठीमागे डोकावले.

"अगं, ही क्लिप कशावर लावलीयस?"

पॅनलच्या पाठीलाही रंग होता. क्लिपचे दात त्या रंगावरच बसले होते, खालच्या पोलादाला टेकलेच नव्हते. तार जोडलेली नव्हती आणि मी मात्र आकडा वहीत लिहूनही टाकला होता.

"तू हवा मोजलीस," सर म्हणाले. "हवेसारखा रंग जगात नाही बघ. फक्त तो चिकटत नाही."

त्या दिवशी सगळे हसले, मीही हसले. 'चिकटत नाही' या दोन शब्दांतच आमच्या धंद्याचं निम्मं शास्त्र आहे, हे कळायला मला पुढची अकरा वर्षं लागली.

माझं काम काय, हे आईला मी एकदा असं सांगितलं होतं: लोखंड गंजताना त्यातून बारीकशी वीज वाहते, ती मी मोजते. आईला ते पटलं नाही. विळी गंजते, त्यात वीज कुठून आली? पण खरोखर तसंच आहे. ओल्या लोखंडावर एका ठिकाणी लोखंड विरघळून इलेक्ट्रॉन सोडतं आणि जवळच दुसऱ्या ठिकाणी हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. मधल्या पाण्याने परिपथ पुरा होतो. पाण्यात मीठ असेल तर वीज अधिक सहज वाहते आणि गंजही अधिक वेगाने चढतो. विजेच्या माळेतला दिवा जसा कुठेही तार तोडली तरी विझतो, तसा गंजही परिपथ कुठेतरी तोडला की थांबतो किंवा मंदावतो. रंग, मुलामा, जस्ताचा थर, फॉस्फेटचा थर हे सगळे परिपथ तोडण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत.

मोजायची तऱ्हा साधी आहे. रंगवलेल्या पॅनलवर प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा सीलंटने चिकटवायचा आणि त्यात साडेतीन टक्के मिठाचं पाणी भरायचं. समुद्राचा खारटपणा साधारण तेवढाच असतो. पाण्यात ग्राफाइटची कांडी आणि संदर्भासाठी कॅलोमेल इलेक्ट्रोड सोडायचा, पॅनलला क्लिप लावायची; आणि आता मी आधी पाठीमागचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड उघडं करते, मगच क्लिप लावते. कॅलोमेल इलेक्ट्रोड म्हणजे नाजूक सासू. आत पारा, तळाशी पोटॅशियम क्लोराइडचे स्फटिक. टोक कोरडं पडलं की रुसतो, आत हवेचा बुडबुडा अडकला की मनाला येईल ते सांगतो. आम्ही तीन इलेक्ट्रोड ठेवत असू. त्यांतला एक कधीच वापरायचा नाही, बाकीचे दोन खरं बोलतात का ते तपासण्यापुरताच तो.

चांगल्या रंगातून जाणारी वीज इतकी थोडी असते, की पंख्याची घरघर, शेजारच्या टेबलावरचा दिवा, कुणाचं नुसतं जवळून चालत जाणंसुद्धा आलेखात उमटतं. यासाठी जाळीचा पिंजरा लागतो, जमिनीशी जोडलेला. विकतचा पिंजरा मंजूर व्हायला दोन वर्षं लागणार होती. मग सरांनी कॅन्टीनमधून तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आणला, एक बाजू कापली आणि त्याला अर्थची तार लावली. पॅनल आत, डबा वरून. आलेख एकदम शांत झाला. लोखंडी पत्र्यावर कथलाचा पातळ थर दिलेला तो डबा, म्हणजे स्वतःच एक संरक्षक थर, दुसऱ्या थरांची परीक्षा घेण्यासाठी पुढे सहा वर्षं आमच्याकडे राबला. कापलेल्या कडा मात्र पहिल्याच पावसाळ्यात गंजल्या. कथील लोखंडापेक्षा 'सोवळं' असतं. त्याला ओरखडा पडला की ते स्वतःला वाचवतं आणि खालच्या लोखंडाला झिजायला लावतं. जस्ताचं उलट आहे. जस्ताला ओरखडा पडला तर जस्तच आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. पाण्याच्या बादलीला जस्त आणि तेलाच्या डब्याला कथील का देतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पटलं ते त्या डब्याच्या कडा पाहून.

या डब्याखाली आम्ही जी पद्धत वापरत असू तिला इम्पीडन्स म्हणतात. रंगाच्या दोन बाजूंना वीस मिलिव्होल्टचा हलका धक्का द्यायचा, कधी सेकंदाला लाख वेळा, कधी शंभर सेकंदांत एकदाच. वेगवान धक्क्यांना चांगला रंग एखाद्या कपॅसिटरसारखा उत्तर देतो. खरी परीक्षा सर्वांत संथ धक्क्याच्या वेळी असते. तेव्हा विजेला वाट शोधायला भरपूर वेळ मिळतो. रंगात कुठे सूक्ष्म फट असली, कुठे मीठ शिरलं असलं, तर तिला ती वाट तिथे सापडते. त्या संथ टोकाला चौरस सेंटीमीटरमागे अब्ज ओहमच्या वर आकडा असेल तर रंग उत्तम. तो दहा लाखांच्या खाली घसरला तर रंग नावापुरता उरला. हे आडाखे कुणा एकाच्या डोक्यातून निघालेले नाहीत. १९४८ मध्ये बेकन, स्मिथ आणि रग या तिघांनी तीनशेहून अधिक रंगप्रकारांचा नुसता साधा अवरोध मोजून दाखवलं होतं, की दहा कोटी ओहमच्या वरचे रंग टिकतात आणि दहा लाखांच्या खालचे टिकत नाहीत. आमची यंत्रं पुढे गेली, पण ती सीमारेषा फारशी हललेली नाही.

आलेख आला की त्याला विजेच्या परिपथाचं चित्र बसवायचं असतं: इथे एक अवरोध, तिथे एक कपॅसिटर. या कामात मी पहिली काही वर्षं फार रमले. संगणकावर एकेक घटक वाढवत गेलं की वाटेल त्या आलेखावर रेघ तंतोतंत बसते. एकदा मी सात घटकांचं चित्र बसवून सरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "यातला पाचवा अवरोध रंगात कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखव." मला दाखवता आलं नाही. त्यानंतर ज्यावर बोट ठेवता येणार नाही तो घटक मी चित्रात घेतलेला नाही.

गिऱ्हाइकाला मात्र आमच्या आलेखांत रस नसायचा. त्याला मिठाच्या धुक्याची चाचणी हवी असायची. ती प्रमाणित झाली १९३९ मध्ये. बंद पेटीत ३५ अंश तापमानाला पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं आणि पॅनल किती तास तग धरतं ते डोळ्यांनी पाहायचं. पाचशे तास, हजार तास, हीच बाजारातली भाषा. "मॅडम, ते आलेख-बिलेख राहू द्या, किती तास ते सांगा," असं एका कंत्राटदाराने मला तोंडावर म्हटलं होतं.

एकदा दोन पॅनल एकाच दिवशी आली. एकाच जाडीचे, एकाच छटेचे करडे रंग. धुक्याच्या पेटीत पाचशे तास झाले, दोन्ही तशीच. ना फोड, ना डाग. गिऱ्हाइकाने दोघांनाही पास धरलं. तेलाच्या डब्याखाली मात्र एक पॅनल दहाव्या दिवशीच अब्जावरून कोटीवर आणि सोळाव्या दिवशी दहा लाखांच्या खाली उतरलं होतं. मी अहवालात ते लिहिलं. मला सांगण्यात आलं, डोळ्यांना दिसत नाही ते अहवालात कशाला? त्याच रंगाने रंगवलेला नमुना मी खिडकीबाहेर टांगून ठेवला. पावसाळा संपता संपता त्याला कडेने फोड आले. खरं सांगते, तेव्हा मला वाईट वाटण्यापेक्षा आनंदच जास्त झाला. डोळा हा आळशी साक्षीदार आहे, असं मी जाईल तिथे सांगू लागले. नव्या मुलांना शिकवताना तर पहिलं वाक्य तेच असायचं.

त्यांना शिकवताना मी आणखी एक गोष्ट सांगत असे, ती केंब्रिजच्या मेन यांची. रंग म्हणजे रेनकोट, पाणी आणि हवा आत येऊ देत नाही म्हणून लोखंड वाचतं, असं सगळ्यांनाच वाटतं. मेन यांनी १९५०च्या सुमारास हिशोब मांडून दाखवलं, की रंगाच्या पापुद्र्यातून पाणी आणि ऑक्सिजन इतके सहज आत जातात, की उघड्या लोखंडाला गंजायला जेवढे लागतात तेवढे तर रंगाखालीही पोचतात. मग लोखंड वाचतं कशाने? रंगातून क्षार सहज जाऊ शकत नाहीत, म्हणजे आयनांची ये-जा अडते आणि परिपथ अपुरा राहतो. आम्हाला ते पाणी आत शिरताना प्रत्यक्ष दिसायचंही. सुका रंग आणि पाणी यांच्या विद्युतगुणांत दहापटीहून जास्त फरक आहे. त्यामुळे मिठाच्या पाण्यात बुडवल्यावर पहिल्या काही तासांतच रंगाची धारकता, म्हणजे कपॅसिटरसारखी वीज साठवण्याची क्षमता, वाढू लागते, आणि किती पाणी आत गेलं याचा अंदाज त्या वाढीवरून बांधता येतो. ब्रॅशर आणि किंग्सबरी यांचं १९५४ मधलं ते सूत्र आमच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं.

म्हणजे पाणी आत येतंच. प्रश्न असतो तो आत आल्यावर त्याला तिथे काय भेटतं याचा. हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेल. त्याचा अर्थ मला एका धक्क्यावर कळला.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी मच्छीमार बोटींसाठी छोटा धक्का आहे. त्याच्या पोलादी खांबांचं आणि कठड्यांचं रंगकाम निघालं. रंगाची निवड आमच्या प्रयोगशाळेने केली, म्हणजे प्रत्यक्षात मी केली. तीन थरांची पद्धत: जस्ताचा प्रायमर, मध्ये इपॉक्सी, वरून पॉलियुरेथेन. तीन महिने मिठाच्या पाण्यात ठेवूनही आकडा अब्जाखाली आला नव्हता. काम जानेवारीत झालं. ब्लास्टिंग झाल्यावरचे फोटो मला पाठवले गेले. वाळूच्या माऱ्याने घासलेलं, राखाडी, एकसारखं, डाग नसलेलं पोलाद. प्रमाणित चित्रांशी ताडून मी शेरा लिहिला: पृष्ठभाग समाधानकारक.

सप्टेंबरमध्ये फोन आला. रंग पापुद्रे होऊन सुटतोय.

मी गेले तेव्हा पाऊस ओसरत आला होता. खांबांच्या वाऱ्याकडच्या बाजूला मसुरीएवढे, कुठे हरभऱ्याएवढे फोड. नखाने टोचलं की वरचा थर कागदासारखा उचलला जायचा, प्रायमरसकट. रंगाच्या कंपनीचे प्रतिनिधी आले होते, ते म्हणाले, रंग मिसळताना चूक झाली असेल. कंत्राटदार म्हणाला, रंगच खराब. दोघंही माझ्याकडे पाहत होते, कारण अब्जाचा आकडा माझ्या सहीने गेला होता.

न फुटलेला एक फोड मी निवडला. वरचा भाग आधी डिस्टिल्ड वॉटरने तीन-चार वेळा नीट धुतला, टिपला, मग सुईने टोचला. आतून स्वच्छ पाण्याचा थेंब आला. अर्धा थेंब पीएच पेपरवर घेतला. कागद निळा झाला. उरलेल्या अर्ध्यात किंचित नायट्रिक आम्ल आणि मग सिल्व्हर नायट्रेट टाकलं. दह्यासारखा पांढरा साका. क्लोराइड. मीठ.

समुद्राकाठी मीठ सापडलं यात नवल काय, असं कंत्राटदार म्हणालाच. पण मला मेन आठवले. फोड न फुटलेला होता. रंगातून पाणी आत येईल, ऑक्सिजन येईल, पण अब्ज ओहमच्या अखंड थरातून आठ महिन्यांत इतकं मीठ आत येणार नाही. हे मीठ बाहेरून आलेलं नव्हतं. आम्ही रंग लावला तेव्हा ते आधीच पोलादावर होतं. पुढचं सोपं होतं. पाणी थरातून आत झिरपलं, त्याला तिथे मीठ भेटलं, मिठाने आणखी पाणी ओढून घेतलं आणि फोड फुगला. वीज वाहायला वाट झाली. जिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो तिथे अल्कली तयार होते, म्हणून कागद निळा. आणि त्या अल्कलीने रंगाची पकड सोडवली. कठड्यावरच्या त्या फोडात माझ्या सगळ्या व्याख्यानांचा पाठ एकवटला होता. फक्त मीठ आलं कुठून, एवढंच कळत नव्हतं. ब्लास्टिंग केलेलं पोलाद मी पाहिलं होतं. स्वच्छ होतं.

त्या संध्याकाळी मुक्काम धक्क्याजवळच होता. वाऱ्यावर बसले होते. थोड्या वेळाने समोरच्या बोटींचे दिवे धूसर दिसायला लागले. चष्मा काढून साडीच्या पदराने पुसला. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा पुसताना काच जिभेच्या टोकाला लावून पाहिली. खारट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुकादमाला शोधून काढलं. त्याला विचारलं, ब्लास्टिंग कधी व्हायचं आणि प्रायमर कधी लागायचा?

"ब्लास्टिंग दुपारपासून अंधार पडेस्तोवर, मॅडम. रंगवाली पोरं पलीकडच्या गावची, शेवटच्या तरीने जायची. प्रायमर दुसऱ्या दिवशी नऊला."

"रात्रभर उघडं?"

"ताडपत्री होती ना."

"मग?"

तो जरा घुटमळला. "ती कंप्रेसरवर घालायचो. कंप्रेसर भाड्याचा."

मला राग आला नाही, कारण त्याचं गणित बरोबर होतं. भाड्याच्या कंप्रेसरवर गंज दिसला असता तर त्याच्या मजुरीतून कापलं असतं. पोलादावर रात्रभर साचलेलं मीठ कुणालाच दिसणार नव्हतं. त्याला नाही, त्याच्या मालकाला नाही, आणि फोटो पाहून शेरा लिहिणाऱ्या मलाही नाही. डोळा आळशी साक्षीदार आहे असं वर्गावर्गांतून सांगणाऱ्या बाईने पोलाद मात्र डोळ्यांनीच पास केलं होतं. रंगाची परीक्षा घ्यायला माझ्याकडे लाखांचं यंत्र होतं. ज्या पृष्ठभागावर तो बसणार होता त्याच्यासाठी होता एक फोटो. शिवाय प्रयोगशाळेतली पॅनल मी स्वतः थिनरने पुसून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, वाळवून घेत असे. यंत्राने सांगितलेला अब्जाचा आकडा खोटा नव्हता. तो त्या धुतलेल्या पॅनलचा होता, धक्क्याचा नव्हता.

परत आल्यावर प्रयोग केला. नऊ पॅनल ब्लास्ट केली. तीन स्वच्छ ठेवली, तीनवर मिठाच्या पाण्याचा हलका फवारा मारून वाळवली, तीनवर जरा जास्त. सगळ्यांना तोच रंग. नऊही पॅनल नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नव्हती. मागे नंबर टाकले नसते तर मीही सांगू शकले नसते. पहिल्या दिवशी यंत्रालाही ओळखता आली नाहीत. नऊही आलेख एकमेकांवर पडले, सगळे अब्जाच्या घरात. चौथ्या दिवसानंतर वाटा फुटू लागल्या. तीन आठवड्यांत स्वच्छ पॅनल होती तिथेच होती, कमी मिठाची कोटींवर उतरली आणि जास्त मिठाची पार कोसळली, फोडांसकट. ज्याची परीक्षा मी रोज घेत होते त्याचा निकाल परीक्षा सुरू होण्याच्या आदल्या रात्रीच लागलेला होता.

त्या रात्री घरी आल्यावर मला आठवला तो आजीच्या अंगणातला कल्हईवाला. वर्षातून एकदा यायचा. जमिनीत खड्डा करून कोळसा पेटवायचा, भाता लावायचा. आम्हा मुलांना शेवटचाच भाग आवडायचा: तापलेल्या पातेल्यात कथलाचा तुकडा फिरवला, कापसाचा बोळा मारला, की क्षणात पिवळं पितळ चांदीसारखं होऊन जायचं, आणि पाण्यात बुडवताना चर्र आवाज. तेवढं जेमतेम दोन मिनिटांचं काम. त्याआधी त्याच्या हाताखालचा मुलगा पातेल्यात उभा राहून, पायाखाली वाळू आणि फडकं घेऊन, कमरेतून गर्रकन इकडून तिकडे फिरत राहायचा. किती वेळ! आम्हाला ते पाहून हसू यायचं. आजी मात्र त्याच्याकडेच लक्ष देऊन असायची. "अरे, तळ राहिला," म्हणायची. घासून झालं की नवसागर टाकायचे, पांढरा धूर निघायचा, नाकाला झोंबायचा. नवसागर तापला की त्यातून निघणारं आम्ल धातूवरचा शेवटचा मळ काढून टाकतं, हे मी पुढे शिकले. आजीने रसायनशास्त्र शिकलेलं नव्हतं. तळ घासायचा राहिला तर कल्हई चार महिन्यांत उडते आणि ताक कळकतं, एवढं तिला ठाऊक होतं. चकाकी पाहून ती कधी पैसे देत नसे.

धक्क्याचा रंग सगळा उतरवावा लागला. दुसऱ्या वेळी आमची अट होती: आधी गोड्या पाण्याने जोरात धुवायचं, मग ब्लास्टिंग, मग मीठ मोजायचं आणि त्याच दिवशी, ऊन असेस्तोवर, प्रायमर. मीठ मोजण्याची पद्धत कुठल्याही पोटेन्शिओस्टॅटपेक्षा स्वस्त आहे. पोलादावर एक चिकटपट्टीचा खिसा लावायचा, सिरिंजने त्यात थोडं डिस्टिल्ड वॉटर सोडायचं, घोळवून परत काढायचं आणि त्यातून वीज किती सहज वाहते ते पाहायचं. पंधरा मिनिटांचं काम. जहाजांच्या समुद्रपाण्याच्या टाक्यांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ मध्ये जी मर्यादा घातली, ती चौरस मीटरमागे ५० मिलिग्रॅम मीठ अशी आहे. चिमटीभरही नव्हे. धक्क्यावर एक खांब आम्ही मुद्दाम रात्रभर उघडा ठेवून सकाळी मोजला, तेव्हा मीठ त्या आकड्याच्या दुपटीहून जास्त भरलं. धुऊन पुन्हा मोजलं, तर जेमतेम काही मिलिग्रॅम. कंत्राटदाराने पाण्याच्या टँकरच्या पैशांवरून वाद घातला, तो वेगळा. "धुण्याचे पैसे कोण देतं, मॅडम? बिलात रंग लिहिलेला असतो." खरंच होतं. निविदेत रंगाचे लिटर होते, थरांची जाडी होती, छटेचा नंबर होता. धुण्याला ओळ नव्हती. आता आम्ही लिहितो त्या निविदांत ती ओळ असते, स्वतंत्र दरासह. ताडपत्रीचीही असते.

माझ्या कामाच्या वर्षांत रंग पुष्कळ बदलले. क्रोमेटचे पिवळे प्रायमर आम्ही डोळे झाकून वापरायचो, ते विषारी म्हणून मागे पडले. त्यांच्या जागी आलेल्या फॉस्फेटच्या, सिलेनच्या, सीरियमच्या थरांच्या परीक्षा मी वर्षानुवर्षं घेतल्या. ओरखडा पडला की आपणच भरून येणारे थर आता प्रयोगशाळेत आहेत. त्यांचा घसरलेला आकडा पुन्हा चढताना पाहिला की मन हरखतं. पण आलेलं प्रत्येक नवं पॅनल हाती घेतलं, की रंग कोणता हे विचारण्याआधी मी विचारते, पोलाद कशाने आणि कधी साफ केलं? उत्तर आलं नाही तर परीक्षा घेत नाही. नव्या मुलामुलींना हा माझा हट्ट वाटतो.

आता शेवटचं, तुमच्या घरचं. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधी खिडक्यांचे ग्रिल रंगवायला काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. रंगारी येतो, पॉलिश पेपर दोनदा फिरवतो, रेड ऑक्साइडचा हात मारतो आणि दुपारी वरचा रंग. हा लाल रंग पाहून पुष्कळांना वाटतं, जुन्या पुलांना लावायचे तोच हा. तसं नाही. जुन्या पुलांवर असायचा तो खरा शेंदूर, मारुतीला फासतात तोच, शिशाचा. जवसाच्या तेलात खलला की तो गंजाला रासायनिक विरोध करायचा. तो विषारी आहे. आणि घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांच्या वर असू नये हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, तो योग्यच आहे. रेड ऑक्साइड म्हणजे मात्र रंगाच्या डब्यातला लोहाचा ऑक्साइड, जवळजवळ गंजाचाच भाऊ. तो स्वतःहून गंजाशी भांडत नाही, नुसता मध्ये उभा राहतो. खाली मीठ आणि सुटा गंज ठेवून त्याच्यावर भरवसा टाकण्यात अर्थ नाही.

म्हणून, विशेषतः मुंबईत, कोकणात, गोव्यात, जिथे वाऱ्याला खारट चव आहे तिथे राहत असाल तर एवढं करा. सुटा गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढा. मग ग्रिल गोड्या पाण्याने भरपूर धुवा, सांधे आणि खालच्या आडव्या पट्ट्या विशेष, कारण मीठ तिथेच साचतं. पूर्ण वाळू द्या. आणि वाळलं की त्याच दिवशी पहिला हात मारून घ्या, रात्र मध्ये जाऊ देऊ नका. धुण्याची वेगळी मजुरी आधीच ठरवा आणि ती द्या. रंगारी म्हणेल, "ताई, कशाला? रंग लावल्यावर काय दिसणार आहे?" त्याला सांगा, नाही दिसणार, तरी धू.